असं असतं, तर काय दिसलं असतं?

मागच्या वर्षी कपाशीचा पहिला वेचा निघायच्या आदल्या संध्याकाळी काकाजींनी मला ओट्यावर बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सीतादही, म्हणजे पहिल्या वेच्याआधीची वावरातली पूजा होती, आत काकूची त्याचीच तयारी चालली होती. काकाजी म्हणाले, "पोरी, एक सांग. तू मराठीत पीएचडी करून रायली, तो पुतन्या फिजिक्समंदी, भाची तिकडं अमरावतीले इकॉनॉमिक्समंदी. तिघायचे तीन विषय. पन सारे जन एकच शब्द बोलता, संशोधन. म्हंजे नेमकं करता काय? लोणारच्या खड्ड्याचं वय काढलं म्हनते. वय काढल्यानं कापसाले भाव येते काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. वय काढल्याने कापसाला भाव येत नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या संध्याकाळी नीट देता आलं नाही, ते मनात राहिलं. तीन विषयांतले तीन लोक एकच शब्द वापरतात, तर त्यांच्या कामात समान काय असतं? त्याचं उत्तर इथे लिहिते आहे, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. अकोला जिल्ह्यातलं कंझरा, बुलढाण्याचं लोणार आणि अमरावतीचं रिद्धपूर ही आपल्याच वऱ्हाडातली तीन गावं पुरेशी आहेत.

सुरुवात मात्र काकाजींच्या वावरातून करते. कपाशीचं पान लाल पडलं की ते लगेच औषधाच्या दुकानात जात नाहीत. आधी पाहतात, सारं वावर लाल आहे की फक्त खोलगट भागातलं? पाणी साचल्यामुळे झालं असतं तर खोलगट पट्ट्यातच दिसलं असतं. मग पान उलटं करतात. तुडतुडे असते तर खालच्या बाजूला सापडले असते आणि पानाच्या कडा वाकड्या झाल्या असत्या. तेही नसेल, आणि खालची जुनी पानं आधी लाल पडली असतील, तर जमिनीत काही कमी पडलं आहे. तीन कारणं, आणि प्रत्येक कारणाला एकच प्रश्न: असं असतं, तर काय दिसलं असतं? संशोधनाचा गाभा हा एवढाच आहे. बाकीची सगळी मेहनत हा प्रश्न नीट विचारता यावा म्हणून असते.

आता कंझरा. मूर्तिजापूर तालुक्यातलं हे गाव जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना माहीत आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट नावाची कोरडवाहू शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७५ मध्ये सहा गावं निवडली. त्यांपैकी कंझरा आणि किनखेडा ही दोन अकोला जिल्ह्यातली. प्रत्येक गावात चाळीस घरं घेतली: दहा भूमिहीन, दहा लहान शेतकरी, दहा मध्यम आणि दहा मोठे. माहिती घेणारा माणूस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी घरोघरी जाऊन विचारायचा. काय पिकलं, काय विकलं, मजुरी किती मिळाली, कोण आजारी पडलं, घरात काय शिजलं, कुणाकडून उसनं घेतलं. हे एकदा-दोनदा झालं नाही, जवळपास दहा वर्षं चाललं.

ज्याने एकदाही सर्वेक्षणाचा फॉर्म भरला आहे त्याला दहा वर्षं म्हणजे काय ते कळेल. पहिल्या भेटीत माणूस पाहुण्याला सांगतो ते सांगतो. पन्नासाव्या भेटीपर्यंत समोरचा माणूस घरचा झालेला असतो.

या आकड्यांवर तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या रॉबर्ट टाउनसेंड यांनी एक प्रश्न विचारला आणि १९९४ मध्ये त्याचं उत्तर छापलं. प्रश्न असा. कोरडवाहू गावात एका घराचं उत्पन्न एका वर्षी एकदम पडतं. बैल मरतो, घरधनी आजारी पडतो, नेमक्या त्याच्याच वावरात बोंडअळी घुसते. त्या वर्षी ते घर कमी खातं का?

दोन शक्यता धरू. पहिली, प्रत्येक घर आपलं आपलं आहे. असं असतं तर ज्या वर्षी मिळकत पडली त्याच वर्षी त्या घराचा खाण्यापिण्याचा खर्चही पडलेला दिसला असता. दुसरी, सारं गाव मिळून जणू एक चूल आहे. एकावर वेळ आली की दुसरा उसनी ज्वारी देतो, तिसरा उधारीवर थांबतो, चौथा मजुरीला बोलावतो. असं असतं तर एकट्याच्या मिळकतीचा त्याच्या ताटाशी फारसा संबंध दिसला नसता. गावाची सरासरी वर गेली तर सगळ्यांची ताटं वर, गावाची पडली तर सगळ्यांची खाली.

या कसोटीत कोणी कोणाला किती पायल्या ज्वारी दिली हे मोजायची गरजच पडत नाही. ते मोजणं अशक्य आहे, कारण शेजारधर्माची पावती कोणी फाडत नाही. टाउनसेंड यांनी देणंघेणं बाजूला ठेवलं आणि ते असेल तर त्याचा जो परिणाम दिसायला हवा, तो शोधला.

कंझरा, सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि तेलंगणातलं औरेपल्ली या तीन गावांच्या आकड्यांत जे दिसलं ते दुसऱ्या शक्यतेच्या बरंच जवळ जाणारं होतं. घरांचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर हलत होता. स्वतःची त्या वर्षीची मिळकत, आजारपण, कामाविना गेलेले दिवस यांचा परिणाम मोठा नव्हता. मात्र 'एक चूल' हे चित्र तंतोतंत खरं ठरलं नाही. संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते नापास झालं, आणि तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार इतरांपेक्षा कमी मिळतो असं दिसलं. मला हे वाक्य त्या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गावाचा आधार आहे, पण ज्याच्याजवळ वावर नाही त्याच्यापर्यंत तो पातळ होऊन पोचतो. मजुरांच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे नवं नाही. पण अनुभव म्हणून सांगणं आणि दहा वर्षांच्या हिशोबातून दाखवणं यांत फरक पडतो, कारण दुसऱ्याला नाही म्हणायला जागा उरत नाही.

तरी जागा शोधणारे असतातच, आणि असायलाच हवेत. १९९७ मध्ये मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी हेच आकडे पुन्हा घेतले. खर्च मोजायची आणि हिशोब मांडायची रीत बदलली, तर स्वतःच्या मिळकतीचा ताटावर होणारा परिणाम टाउनसेंड म्हणाले त्यापेक्षा जास्त निघतो, असं त्यांनी दाखवलं. गाव तेच, घरं तीच, वही तीच. वाद लागला तो 'खाणं' मोजायचं कसं यावर.

आणि सारं गावच कोरडं गेलं तर? तेव्हा शेजारी तरी कुठून देणार, त्याचीही कणगी रिकामीच. इथे मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांचं १९८९ चं काम येतं. त्यांनी याच अभ्यासातल्या घरांच्या सोयरिकी पाहिल्या. आपल्याकडे पोरगी लांब दिली की लोक हळहळतात. या दोघांनी विचारलं, लांबच्या सोयरिकीचा दुष्काळाशी काही संबंध असेल का? असेल, तर ज्यांच्या शेतीचं उत्पन्न जास्त वरखाली होतं त्यांच्या सोयरिकी जास्त लांबच्या दिसायला हव्यात, आणि लांब सोयरीक असलेल्या घरांच्या खाण्यात चढउतार कमी दिसायला हवेत. दोन्ही तसंच दिसलं. एकाच ढगाखाली दोन्ही घरं नसावीत, असा तो हिशोब. बाप पोरगी देताना हे मनात मांडतो असा दावा त्यात नाही. रीत कशी पडली हे वेगळं, ती काय काम करते हे वेगळं. पुढे १९९३ मध्ये रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी बैलांकडे पाहिलं. वाईट वर्षी घर बैल विकून खातं आणि पुढच्या हंगामात नांगरायला बैल नसल्यामुळे पुन्हा मागे पडतं, हे त्यांनी आकड्यांतून मांडलं. काकाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळात आबाजीनं ढवळ्या विकला होता." त्या बैलाचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ताट मोजायचं कसं, यावर थोडं थांबते, कारण ग्राहकाच्या अर्थशास्त्रातली खरी अडचण तिथेच आहे. आपल्या देशात घरोघरी जाऊन खर्च विचारायची पद्धत बसवली ती राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने, १९५० पासून. तिच्यामागे उभे असलेले प्रशांतचंद्र महालनोबिस हे मुळात भौतिकशास्त्राचे. केंब्रिजला तेच शिकले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तेच शिकवत. मोजमापात चूक असतेच, ती किती आहे हे माहीत असणं हाच मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा, ही प्रयोगशाळेतली सवय त्यांनी पिकांच्या आणि चुलींच्या मोजणीत आणली. एकाच भागातून दोन वेगळे नमुने काढायचे आणि दोन वेगळ्या गटांनी ते मोजायचे, ही त्यांची युक्ती. दोघांची उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर त्या फरकावरूनच आपला आकडा किती डळमळीत आहे ते कळतं.

आता घरच्या बाईला विचारा, मागच्या महिन्यात तेल किती लागलं? ती अंदाज सांगेल. मग विचारा, मागच्या सात दिवसांत किती लागलं? याचं उत्तर जास्त नेमकं वाटतं, पण सात दिवसांचं चारपट केलं की बहुतेक वेळा महिन्याच्या उत्तरापेक्षा मोठा आकडा येतो. १९९९-२००० च्या फेरीत खाण्याच्या वस्तूंसाठी दोन्ही प्रश्न एकाच फॉर्मवर शेजारीशेजारी विचारले गेले. माणूस स्वाभाविकपणे दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळवून घेतो. परिणामी ते आकडे आधीच्या १९९३-९४ च्या फेरीशी ताडून पाहता येईनात, आणि देशातली गरिबी खरंच किती घटली यावर अर्थतज्ज्ञांचा वाद कित्येक वर्षं चालला. फॉर्मवरचा एक जादा रकाना, आणि कोट्यवधी गरीब मोजायचे की नाही हा प्रश्न अधांतरी.

२०२२-२३ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या एका माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला, शहरात ६,४५९. गावातल्या शंभर रुपयांतले सुमारे ४६ रुपये खाण्यावर. १९९९-२००० मध्ये हाच आकडा ५९ होता. घर जसं सावरतं तसा खर्चातला खाण्याचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवलं होतं, म्हणून हा बदल चांगला मानला जातो. पण या वेळी घरी तीन वेगवेगळ्या भेटी दिल्या गेल्या, विचारायची पद्धत बदलली, हेही सोबत वाचायला हवं. पद्धत न सांगता नुसता आकडा सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये असं माझं मत आहे.

आता लोणार, आणि काकाजींनी विचारलेलं ते वय.

लोणासुर तिथे दडून बसला होता आणि विष्णूने त्याला मारलं, ही कथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेतलं. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल, काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उचललेला. खडक आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून झालेला. म्हणूनच पहिली शंका ज्वालामुखीची येणार. सारं दख्खन लाव्ह्याचं, तर हे तोंडही लाव्ह्याचंच असेल, असं म्हणण्यात मूर्खपणा काही नव्हता.

१८९६ मध्ये ग्रोव्ह गिल्बर्ट या नामवंत अमेरिकन भूशास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषय अ‍ॅरिझोनातलं तसंच एक विवर, आणि त्याच्याशी तुलना करायला त्यांनी आपल्या लोणारचा उल्लेख केला. गिल्बर्ट यांनी दोन शक्यता मांडल्या: आकाशातून काही तरी येऊन आदळलं, किंवा जमिनीखाली वाफ कोंडून स्फोट झाला. मग नेमका आपलाच प्रश्न. आदळलं असतं तर काय दिसलं असतं? एक, लोखंडी उल्का जमिनीत पुरलेली असती आणि चुंबकसूची हलली असती. दोन, उल्केने आत जागा अडवली असती, म्हणून काठावरची उडालेली माती परत आत टाकली तर खड्डा भरून वर उरली असती. त्यांनी दोन्ही मोजलं. सूची हलली नाही. मातीही खड्ड्याइतकीच निघाली. निष्कर्ष: वाफेचा स्फोट.

तो निष्कर्ष चुकला. अ‍ॅरिझोनाचं विवर उल्केचंच आहे, हे पुढे पक्कं झालं. गिल्बर्ट यांची रीत निर्दोष होती, पण तिच्या पोटात एक न तपासलेली समजूत होती. एवढा खड्डा पाडायला जवळजवळ तेवढीच मोठी उल्का लागेल, असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा छोटा गोळाही तेवढा खड्डा पाडतो आणि त्या उष्णतेत स्वतः बहुतांशी फुटून, वाफ होऊन जातो. पुरलेलं काही उरतच नाही. मी विद्यार्थ्यांना गिल्बर्ट यांचं उदाहरण मुद्दाम देते. इतका काळजीपूर्वक विचार करणारा माणूसही चुकू शकतो. त्यांनी आपलं पाऊल नि पाऊल लिहून ठेवलं होतं, म्हणून ते कुठे चुकले हे पुढच्यांना बोटाने दाखवता आलं.

लोणारचा निकाल १९७३ मध्ये लागला. कर्ट फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी विवराच्या तळातून भोकं पाडून काढलेला खडक तपासला. आता प्रश्न जास्त धारदार होता: ज्वालामुखीला जे कधीच जमत नाही आणि आदळण्याला जमतं, असं काय आहे? त्याचं उत्तर मॅस्केलिनाइट नावाच्या काचेत मिळालं. बेसॉल्टमध्ये फेल्स्पार नावाचं खनिज असतं. त्यावर हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब क्षणभर पडला, तर ते न वितळता जागच्या जागी काच होऊन जातं, बाहेरचा आकार तसाच ठेवून. ज्वालामुखी वितळवू शकतो, पण एवढा दाब आणू शकत नाही. लोणारच्या खडकात ही काच निघाली. हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला तोही आपल्याच देशात पडलेल्या दगडातून. १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला उल्का पडली होती, तिच्यात तो होता.

वयाचा प्रश्न मात्र इतका सरळ सुटला नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षं आलं, दुसरीने ५,७०,०००. दहापटीहून जास्त फरक. मग संशोधकांना काही कळत नाही असं समजायचं का? मला वाटतं, घड्याळं कशी चालतात ते पाहिलं की उलटंच वाटू लागतं.

पहिलं घड्याळ माठासारखं आहे. खडकात आणि आजूबाजूला थोडा किरणोत्सार नेहमी असतो. त्यामुळे खनिजातले इलेक्ट्रॉन सुटून स्फटिकातल्या बारीक खाचांत अडकत जातात, थेंबथेंब माठ भरावा तसे. खडक खूप तापला की सगळे सुटतात, माठ रिकामा होतो. उल्का आदळली तेव्हा तो रिकामा झाला असं धरलं आणि आज किती भरला आहे ते मोजलं, की काळ निघतो. अडचण अशी की भरलेला माठ आणखी भरत नाही, आणि काही माठ झिरपतात. त्यामुळे हे घड्याळ मागे राहू शकतं, खऱ्यापेक्षा कमी वय दाखवू शकतं.

दुसरं घड्याळ पोटॅशियमचं. एका प्रकारच्या पोटॅशियमचे अणू हळूहळू मोडतात आणि त्यांतल्या काहींचा आरगॉन नावाचा वायू बनतो. निम्मे मोडायला १२५ कोटी वर्षं लागतात. खडक वितळला की साठलेला वायू उडून जातो आणि घड्याळ शून्यावर येतं. इथली अडचण उलटी. साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टमधला थोडा वायू अडकून राहिला, तर हे घड्याळ पुढे पळतं. म्हणून तुकडा एकदम न तापवता पायरीपायरीने तापवतात आणि प्रत्येक पायरीला निघालेल्या वायूचं वय वेगळं काढतात. जुना वायू अडकलेला असता तर पायऱ्यांची वयं एकमेकांशी जुळली नसती. २०११ मध्ये फ्रेड जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी वितळून थिजलेल्या तुकड्यांवर हे करून ५,७०,००० वर्षं, अधिक-उणे ४७,००० असं वय दिलं. ते अधिक-उणे मला फार आवडतं. आमचं चुकत असेल तर साधारण एवढ्याने चुकत असेल, असं आधीच सांगून ठेवणं, हे आपल्याकडे जाणत्या माणसाचं लक्षण मानलं जातं.

आता माझ्या विषयाकडे येते. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान, गोविंदप्रभूंचं गाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. लोक मला विचारतात, साहित्यात संशोधन कसलं करायचं? पुस्तक तर समोर आहे, वाचायचं.

पुस्तक समोर नाही, अडचण तीच आहे. म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांना ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडे गावोगाव जाऊन आठवणी गोळा केल्या. नागदेवाचार्यांसारख्या जवळच्या शिष्यांकडून त्या पडताळून घेतल्या. इक्रिसॅटचा माणूस कंझऱ्यात फिरला, त्याच्या सातशे वर्षं आधी हा माणूस वऱ्हाड-मराठवाड्यात वही घेऊन फिरला. स्वामींच्या लोणारच्या मुक्कामाच्या आठवणीही त्यात आहेत. पण पंथाची परंपरा सांगते की मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत हरवली, आणि मग हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांसारख्यांनी ज्यांच्या त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली. म्हणून एकच लीळा, म्हणजे स्वामींची एकच आठवण, वेगवेगळ्या पाठांत, म्हणजे मजकुराच्या वेगवेगळ्या रूपांत, वेगळी सापडते. त्यात पुढे हे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलं गेलं, म्हणजे बाहेरच्याला वाचताच येऊ नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे पंथाबाहेरच्या वाचकांना दार उघडलं. नागपूरला ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्र छापायला घेतलं. पुढे बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून १९७८ मध्ये त्याची मोठी संपादित आवृत्ती दिली.

ताडून म्हणजे काय केलं? साधं उदाहरण माझ्या मनाने रचून देते. जात्यावरच्या ओव्यांची एक वही समजा. एका प्रतीत ओळ आहे "दोन कुडव ज्वारी", दुसऱ्या प्रतीत "दोन कडबा ज्वारी". जुना पाठ कोणता? बहुमत मोजून उपयोग नाही, कारण चुकीच्या एका प्रतीवरून दहा नकला झाल्या असतील. प्रश्न हा की कोणत्यापासून कोणतं होऊ शकतं. कुडव हे धान्याचं जुनं माप ज्याला माहीत नाही, तो लिहिणारा नकळत ओळखीचा शब्द, कडबा, लिहून जाईल. कडबा सगळ्यांना माहीत असलेला शब्द. तो काढून कोणी मुद्दाम कुडव घालेल का? म्हणून अवघड शब्द बहुधा जुना. हीसुद्धा तीच कसोटी आहे: मूळ 'कडबा' असता, तर 'कुडव' आला कुठून?

आणि बहुमत का चालत नाही, हे नातं ओळखलं की कळतं. चार वह्यांत तीच ओळ त्याच जागी गळलेली असेल, तर त्या चारही वह्या एकाच आईच्या लेकी. ओळ का गळली तेही दिसतं. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर लिहिणाऱ्याची नजर वरच्यावरून थेट खालच्यावर पडते. बरोबर मजकूर कुणाकडेही सारखाच असतो, त्याने नातं कळत नाही. नातं चुकीवरून कळतं. माझ्या कामाचे कित्येक दिवस अशा एकेका चुकीची वंशावळ लावण्यात गेले आहेत, आणि त्या दिवसांत मला कंटाळा आला असं कधी झालं नाही.

जीवशास्त्रज्ञही प्राण्यांची वंशावळ अशीच लावतात, जनुकांत शिरलेल्या बदलांवरून. म्हणून १९९८ मध्ये काही संशोधकांनी जनुकांसाठी बनवलेलं संगणकी तंत्र सरळ चॉसर या जुन्या इंग्रज कवीच्या काव्यातल्या एका भागाच्या ५८ हस्तलिखितांवर चालवलं आणि त्यांची वंशावळ काढली. 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. आपल्या पोथ्यांवर असं काम मोठ्या प्रमाणात व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.

तिन्ही विषय अगदी सारखे आहेत असं मात्र म्हणू नये. पुतण्याला दुसरा तुकडा घेऊन पुन्हा तापवता येतो. भाचीला तोच दुष्काळ पुन्हा पाडून पाहता येत नाही. तिला झालेल्या वर्षांतूनच तुलना शोधावी लागते, आणि ज्या घराला ती प्रश्न विचारते ते घर तिच्याकडे पाहून उत्तर बदलू शकतं. खडक तसं करत नाही. माझ्याकडे तर मूळ प्रत कधीच येणार नाही. मला फक्त एवढंच दाखवता येतं की हा पाठ त्या पाठापेक्षा जुना असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे खात्रीची पातळी तिघांची वेगळी असते, आणि एकाने दुसऱ्याच्या मापाने आपलं काम मोजू नये.

काकाजींना मी हे सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बरंचसं वेचणीच्या दिवसांत. मागच्या वर्षी त्यांनी चारही एकरांवर दशपर्णी अर्क, म्हणजे झाडपाल्याचं किडीवरचं औषध, फवारला होता आणि कपाशी चांगली आली होती. सगळ्यांना सांगत होते, अर्कानंच आली. मी विचारलं, "काकाजी, न फवारलेली काही तासं ठेवली होती का?" तास म्हणजे पिकाची ओळ. नव्हती ठेवली. आणि धुऱ्यापलीकडच्या वावरात अर्क नव्हता, तरी कपाशी तिथेही चांगलीच होती, कारण पाऊसच वेळेवर झाला होता.

यंदा त्यांनी सोळा तासं बाजूला काढली. आधी म्हणाले धुऱ्याकडची आठ सोडतो. पण तिकडे कडुलिंबाची सावली पडते, मग फरक अर्काचा की सावलीचा हे कसं कळणार? म्हणून नातीने डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या ती आठ तासं फवारली नाहीत, त्यांच्या टोकाला लाल चिंध्या बांधल्या. वेचा दोन वेगळ्या गाठोड्यांत घरी येणार.

परवा रात्री त्यांचा फोन आला. "पोरी, चिंधीवाल्या एका तासात रानडुक्कर शिरलं. निम्मं तास लोळवून गेलं. आता ते हिशोबात धराचं का सोडाचं?"

मी म्हटलं, "जे काय ठरवायचं ते कापूस काट्यावर घालायच्या आधी ठरवा, आणि लिहून ठेवा." त्यांनी नातीला हाक मारली आणि तारीख घालून वहीत लिहायला लावलं.